नऊ वर्षांचे चांगले कान

कारखान्यात लागल्यापासून माझ्या कानांची नऊ वेळा तपासणी झाली आणि नऊही वेळा ते चांगले निघाले. त्यातल्या पहिल्या दोन तपासण्या खऱ्या होत्या.

वर्षातून एकदा, बहुतेक हिवाळ्यात, तपासणीची गाडी बोईसरच्या आमच्या कारखान्यात येते आणि वजनकाट्याशेजारी उभी राहते. गाडीच्या मागच्या भागात एक माणूस जेमतेम बसेल एवढी बंद खोली आहे. आतून फोम लावलेला, दाराला काचेची लहान खिडकी. आत बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर टेक्निशियन बाई मशीन घेऊन बसते. दिवसभरात तिला सगळी शिफ्ट संपवायची असते, त्यामुळे एका माणसाला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

हा रसायनांचा कारखाना आहे आणि मी त्याच्या कॉम्प्युटर विभागात काम करते. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर रिॲक्टरचं तापमान, दाब, टाक्यांची पातळी दिसते. ती दाखवणारी यंत्रणा आमच्या विभागाकडे आहे. घर उमरोळीला. स्कूटरने येते-जाते. मागून टँकर आला तर तो आरशात दिसतो. हॉर्न ऐकू येणं कधी बंद झालं ते नेमकं सांगता येणार नाही.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही कानांच्या नसा कमजोर आहेत, बारीक आवाज आधी जातील, बाकीचे सावकाश. तेव्हा फारसं काही गेलं नव्हतं. आईला वाटायचं मी मुद्दाम करते. ओट्यावरून हाक मारून थकली की आत येऊन म्हणायची, "नाय यायचं तर नाय सांग. घसा तरी वाचेल माझा." नोकरी लागताना झालेल्या तपासणीत सगळे आवाज ऐकू आले. दुसऱ्या वर्षीही काठावर निभावलं. नंतर मी कानामागे बसणारं यंत्र घेतलं आणि केस त्यावर सोडले. कंट्रोल रूममध्ये ते एसीचा घरघराट मोठा करायचं, फोन कानाला लावला की शिटी वाजवायचं, आणि हेल्मेटचा पट्टा त्याच्यावरून सरकायचा. कारखान्यात शिरताना मी ते काढून डब्यात ठेवू लागले. घरी वापरत होते.

तिसऱ्या वर्षी गाडीच्या रांगेत माझ्या मागे कंट्रोल रूमचे एक ऑपरेटर उभे होते. शेजारच्या पाम गावचे, वय पन्नाशीच्या पुढे. आधीची वीस वर्षं त्यांनी कान बधिर करणाऱ्या आवाजात, कॉम्प्रेसर हाउसमध्ये काढली होती. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांनी हळूच माझ्या कोपराला हात लावला आणि समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलले. तिथेच मला कळलं की त्यांना माहीत आहे.

"बाय, कान नको लावू. बाईचा खांदा बघ. बटन दाबताना उजवा खांदा खाली जातो, मग ती तुझ्या बोटाकडं बघते. तवा बोट वर कर."

ते पुढे म्हणाले, "आणि सगळ्याला वर करू नको. दोन-तीन सोडून दे. एकदम चांगले कान असले तरी तिला संशय येतो."

कॉम्प्रेसर हाउसमधून निघालेल्या जुन्या ऑपरेटरांत ही पद्धत होती. कान गेल्याची नोंद झाली की माणसाला पॅनेलवरून, म्हणजे कंट्रोल रूममधून काढतात, शिफ्टचा भत्ता जातो, मग पॅकिंग किंवा गेट. म्हणून जाणता माणूस नव्याला खांदा दाखवून द्यायचा. कोणी त्याला फसवणूक म्हणत नव्हतं. मीही म्हटलं नाही. त्या दिवशी मी खांदा पाहिला, बोट वर केलं, तीन वेळा केलं नाही. अहवालात शेरा होता: सामान्य. पुढची सहा वर्षं तोच शेरा आला. एका वर्षी टेक्निशियन बदलली आणि नवी डावखुरी निघाली. काकांनी रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

कामात अडचण फार नव्हती, कारण कॉम्प्युटरला ऐकू येण्याशी देणंघेणं नसतं. उलट मी केलेले बदल लोकांना आवडले. पूर्वी कंट्रोल रूममध्ये प्रत्येक इशाऱ्याला बीप वाजायचा आणि ऑपरेटर वैतागून तो बंद करून टाकायचे. मी इशारे रंगांत लावले, महत्त्वाच्या इशाऱ्यासाठी अख्खी कडा लाल होईल असं केलं. खोली शांत झाली. साहेबांनी कौतुक केलं. हे मी का केलं, ते कोणी विचारलं नाही.

अडचण फोनची होती. आमच्या प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. ज्वालाग्राही माल असल्याने तो गेटवर जमा करावा लागतो. ऑपरेटरकडे मेल नाही, मेसेज नाही. भिंतीवरचा इंटरकॉम एवढंच. समोरासमोर मी ओठांवरून बरंच समजून घेते. इंटरकॉमवर कोण बोलतंय ते चालीवरून कळायचं, काय बोलतंय ते अर्धं कळायचं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी "हो, चालेल" म्हणायचे. मग चालत प्लांटमध्ये जायचे आणि काय हवं होतं ते पाहून यायचे. बहुतेक वेळा जमायचं. ऑपरेटरांत माझं नाव झालं. एका फिटरने मी समोर असतानाच नव्या पोऱ्याला सांगितलं होतं, "मॅडम के पास जा. ना बोलना इनको आता ही नहीं." सगळे हसले, मीही हसले. ओठ वाचले होते. त्या वर्षीच्या मूल्यमापनात साहेबांनी लिहिलं की मी सहकार्य करणारी आहे. त्यावरच पुढे मला विभागप्रमुख केलं. विभागप्रमुखाच्या कामात फोन जास्त होते.

यंदा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता. वेळ दुपारी तीनची ठरली. या कामाचा नियम साधा आहे: बंद करण्यापूर्वी कंट्रोल रूमने फोन करायचा, दोन्हीकडून होकार झाला की ऑपरेटर लॉगबुकात ओळ लिहितो. मध्ये सहा मिनिटं स्क्रीन कोऱ्या राहतात, तेव्हा कोणत्याही रिॲक्टरमध्ये काही चालू नसावं.

तीनला दहा कमी असताना फोन आला. आवाज काकांचा होता. ते नेहमीपेक्षा लांब बोलले. दर वेळी याच सुमारास "आमी तयार हाय" असा फोन यायचा, म्हणून मी तेच धरलं. मी म्हटलं, "हो काका, चालेल." तीन वाजता सर्व्हर बंद केला.

काकांनी सांगितलं होतं की एका रिॲक्टरमध्ये ॲसिड सोडणं मध्यावर आहे, अर्धा तास थांबा. माझा होकार त्यांनी थांबण्याचा होकार समजून लॉगबुकात लिहिला. स्क्रीन कोऱ्या झाल्या तेव्हा त्यांना तापमान दिसेना. ते जिना उतरून रिॲक्टरपाशी धावले, ॲसिडचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला, थंड पाण्याचा पूर्ण उघडला आणि तिथल्या काट्यावर नजर ठेवून उभे राहिले. कोणाला काही झालं नाही. बॅच वाया गेली.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. टेबलावर लॉगबुक उघडं होतं. त्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं की दोन पन्नासला कॉम्प्युटर विभागाला थांबायला सांगितलं, होकार मिळाला. त्या एका ओळीवर माझी नोकरी जाऊ शकत होती. ऑफिसर मला काही विचारणार, तेवढ्यात काका बोलले.

"साहेब, ती ओळ मी फोनच्या आधीच लिवली होती. फोनवर थांबा असं बोललो नाय. तयार हाय एवढंच बोललो. विसरलो."

ओळ आधी लिहून ठेवण्याची सवय कंट्रोल रूममध्ये होतीच. हातमोजे घालण्यापूर्वी पुढच्या दोन-तीन ओळी लिहून ठेवतात. ऑफिसरला ते माहीत होतं, म्हणून त्याने विश्वास ठेवला. जबाब लिहून झाला. काकांनी सही केली. माझ्यापुढे कागद आला आणि मीही सही केली. काका माझ्याकडे बघत नव्हते.

ते खोटं का बोलले ते मला तेव्हाच कळलं. मला ऐकू आलं नाही हे पुढे आलं असतं तर पुढचा प्रश्न तपासणीचा होता. मग माझी फाइल उघडली असती, मग त्यांची, मग रांगेतल्या सगळ्यांची. आठवड्याने त्यांना ताकीदपत्र मिळालं. पस्तीस वर्षांत पहिलं. पॅनेलवरून काढून त्यांना सांडपाण्याच्या प्लांटवर पाठवलं.

पुढचे अकरा दिवस मी कामावर जात होते, फोन उचलत होते, "हो, चालेल" म्हणत होते. बाराव्या दिवशी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की काकांनी थांबायला सांगितलं होतं, मला ते ऐकू आलं नाही, मला कमी ऐकू येतं. यंत्राचा डबा टेबलावर ठेवला. पालघरला नव्याने केलेल्या तपासणीचा आलेखही ठेवला. त्यात दोन्ही रेषा कागदाच्या उजवीकडे खाली उतरल्या होत्या.

ऑफिसर तरुण होता, साताऱ्याकडचा, कामाला चोख. त्याने माझी फाइल मागवली. मग काकांचीही मागवली. माझा गेल्या वर्षीचा आलेख एका बाजूला ठेवला, काकांचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही जवळजवळ सपाट होते. दोन्हींत नेमके तीन-तीन आवाज सुटले होते. त्याने कपाटाकडे पाहिलं, जिथे उरलेल्या फाइली होत्या. त्या सगळ्यांवर त्याच्या विभागाचा शिक्का होता.

मग त्याने दोन्ही फाइली मिटल्या, माझा पालघरचा कागद घडी करून परत दिला आणि ओठ दिसतील असा माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ऐकू येतं. नऊ वर्षं येतंय."

मी विचारलं, मग काकांच्या पत्राचं काय. त्याने सांगितलं की चौकशी पूर्ण झाली आहे, जबाबावर माझी सही आहे. पुन्हा तपासणी करता येईल का, असं विचारलं. गाडी हिवाळ्यात येते, तेव्हा बघू, असं तो म्हणाला. आवाज चढवला नाही. दार उघडून उभा राहिला.

त्याच दुपारी मी सांडपाण्याच्या प्लांटवर गेले. तिथे टाक्यांवर मोठे पंखे फिरतात, हवेत फेस उडतो. इंटरकॉम नाही. काका खुर्ची टाकून बसले होते. मी ऑफिसरकडे जाऊन आल्याचं सांगितलं. त्यांना नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तू कशाला तोंड उघडलंस? मी निस्तरलं होतं ना."

मी म्हटलं, तुमच्यावर आलं म्हणून.

"माझ्यावर आलं ते माझं. हितं बरं हाय मला. कोण काय विचारत नाय, आपण काय ऐकायचं नाय." ते थोडं हसले. मग मान वळवून टाकीकडे पाहत काहीतरी बोलले. मला दिसलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं. "माझं एक वरस राहिलंय, बाय. तुझी वीस-पंचवीस हायत."

विभागात परत आल्यावर मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला मेल लिहिली. मला ऐकू येत नाही, कामाच्या सूचना लेखी मिळाव्यात, कंट्रोल रूममध्ये लिहून विचारता येईल अशी एक स्क्रीन बसवावी, ती मी स्वतः तयार करीन, असं लिहिलं. पालघरचा आलेख जोडला. गाडीबद्दल लिहिलं नाही. काकांबद्दलही लिहिलं नाही. मेल पाठवण्याआधी तो भाग दोनदा लिहून पुसला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मेल मिळाली आहे, माझ्या वैद्यकीय नोंदी कारखान्याकडून मागवल्या आहेत, या विषयावर सविस्तर बोलण्यासाठी सोमवारी अकरा वाजता फोन करण्यात येईल, असं त्यात होतं.