भीतीचा भाव आणि डोर्ला प्रुएट

डोर्ला प्रुएटचा नवरा ऑरिन गेला, त्याच आठवड्यात तिचा दीर वेंडेल धुरावर भाजलेलं डुक्कर घेऊन सांत्वनाला आला आणि ताट टेबलावर टेकवायच्या आत त्याने ऑरिनच्या पिस्तुलांच्या दुकानाचा विषय काढला. पूर्व टेनेसीच्या त्या खोऱ्यात सांत्वनाला खाणं न्यायचंच असतं. पण सौद्याची गोष्ट माणूस निदान चौथ्या भेटीत काढतो. वेंडेलला तेवढा दम कुठला!

"वहिनी, पिस्तुलं विकणं बायकांचं काम नव्हे. वसंतापर्यंत कुलूप लागेल बघ. त्यापेक्षा आत्ताच मला देऊन टाक."

"डुक्कर राहू दे," डोर्ला म्हणाली. "तू जा."

वेंडेलचं स्वतःचं पिस्तुलांचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच होतं. वहिनी टिकणार नाही, हे त्याने न्हाव्याकडे सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, आणि कोणी विचारलं नाही तिथेही सांगितलं.

डोर्लाच्या दुकानात कॉफीच्या भांड्याभोवती रोज म्हातारे जमत. विकत घेत काही नसत, हात मात्र प्रत्येक पिस्तुलाला लावत. त्यांचा म्होरक्या हॉयट गिबन्स.

"मिस डोर्ला, गोळी दोन्हींतून सारखीच सुटते. मग हे ऑस्टलर कंपनीचं प्लास्टिकचं पिस्तूल पोलादी हॅडलीपेक्षा महाग कसं?"

"कारण ते शेरीफच्या कमरेला आहे. कंपनी पोलिसांना स्वस्तात देते आणि ती खोट तुझ्या खिशातून भरून काढते. शेरीफसारखं दिसायला पैसे पडतात, हॉयट. तुझ्या पोटाला तर जास्तच."

"आणि हॅडली का वाढलं?"

"पोलाद महागलं, कोरणारे कारागीर म्हातारे झाले. पण खरं वाढतं ते तुमच्यामुळे."

"आमच्यामुळे? आम्ही काय केलं?"

ते शरदात कळलं. निवडणूक तोंडावर आली आणि नवा कायदा येणार, पिस्तुलं मिळणार नाहीत, अशी आवई उठली. रेडिओवर कोणी तरी बोललं, न्हाव्याने त्याला तिखटमीठ लावलं. ज्याच्याकडे दोन होती तो तिसरं घ्यायला धावला. तिसरं मिळालं म्हणून शेजाऱ्याला सांगून आला. मग शेजारी धावला. आणि भाव भडकले की हेच लोक सरकारला शिव्या द्यायचे! हॉयटने स्वतः वेंडेलकडून दोन ऑस्टलर घेतली आणि तिसऱ्या वेळी भाव ऐकून छातीला हात लावला.

वेंडेलने चढ्या भावात घाऊक व्यापाऱ्याकडून गाडी भरून माल उचलला, त्यावर आणखी चढवून विकू लागला. डोर्लाने आपला माल जुन्याच भावाने, ओळखीच्या माणसाला एकच, असा विकला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत तिची काचेची कपाटं रिकामी झाली. नवा माल घ्यायचा तर वेंडेलने मोजला तोच चढा भाव मोजून, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

"वहिनी, आता कपाटात केक ठेव," वेंडेल रस्त्यापलीकडून ओरडला.

डोर्ला त्या रविवारी चर्चनंतर विधवांच्या बाकावर जाऊन बसली. खोऱ्यात कोणाची कंबर दुखते, कोणाचा जावई पितो, याची तिला खडान्खडा माहिती. कोणाच्या कपाटात मेलेल्या नवऱ्याचं हॅडली मोज्यांखाली पडलंय, हे ती विसरेल होय?

"मॉडीन, नवऱ्याचं ते पिस्तूल अजून ठेवलंयस?" तिने शेजारी बसलेलीला विचारलं.

"हात लावायला भीती वाटते गं. विकायला वेंडेलकडे गेले होते, भंगाराचा भाव सांगितला मेल्याने."

डोर्लाने वाजवी भाव दिला. मॉडीनने बहिणीला सांगितलं, बहिणीने सगळ्या बायबल वर्गाला. नाताळापर्यंत डोर्लाच्या मागच्या दाराने खोऱ्यातली अर्धी कपाटं रिकामी झाली. ती पिस्तुलं तिने खोलली, तेल दिलं, नव्या स्प्रिंगा घातल्या आणि नव्या ऑस्टलरच्या निम्म्या भावात मांडली.

"मेलेल्यांची पिस्तुलं!" हॉयट फिस्कारला. मग एक उचललं, खटका मागे ओढून सोडला आणि पुन्हा ओढून पाहिला. जुनी हॅडली हाताने घासलेली. नव्यात तो लोण्यासारखा मऊपणा कुठून येणार? शनिवारी पलीकडच्या जिल्ह्यातून गाड्या येऊ लागल्या.

निवडणूक कधीच होऊन गेली होती. कायदा आलाच नाही, तशी भीतीही विरली आणि तिच्याबरोबर भावही घसरले. ज्यांनी तीन-तीन घेतली होती ते एकेक परत विकायला निघाले, आणि निघाले ते डोर्लाकडेच. वेंडेलच्या दारात चिटपाखरू नाही. चढ्या भावाने घेतलेला त्याचा माल कपाटात तसाच.

वसंतात डॉगवुडची झाडं फुलली तेव्हा वेंडेल टोपी हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. कॉफीच्या भांड्याभोवतीच्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या.

"वहिनी, ऑस्टलर घेशील का? सगळी?"

डोर्लाने त्याला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, मक्याची भाकरीही दिली. मग आजचा उतरलेला भाव सांगितला.

"यात मी बुडेन गं!"

"बुडणार नाहीस. पाय तळाला टेकतील, एवढंच. उद्यापासून माझ्याकडे कामाला ये, हॉयटला ऑस्टलर कसं धरायचं ते शिकव. पगार देईन."

हॉयट एवढा हसला की कॉफी नाकातून आली. वेंडेलने पेला खाली ठेवला, खिशातून आपल्या दुकानाची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली आणि माल हलवायला गाडी कधी आणू, असं विचारलं.

"आत्ता," डोर्ला म्हणाली, आणि आपल्या कपाटांची कुलपं उघडायला उठली.