तलवारीखालचा लॅपटॉप

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी निव्वळ हट्टानं शिकले. म्हैसूरला हिनकलच्या ऑफिसात सगळे म्हणाले, कशाला डोक्याला ताप, आणि मला कुणी नको म्हटलं की माझ्या अंगातच येतं. मग ठरवलं, शिकायचं तर एक खेळ लिहून. खाली खाली जाणारं अंधारं तळघर, त्यात राक्षस आणि एकटा वीर. वीर म्हणजे काय, तर ईमेलच्या पत्त्यात असतं ते वाटोळं चिन्ह. चित्रबित्र काही नाही. दर रविवारी एकच नवी गोष्ट घालायची, जास्त नाही.

पहिल्या रविवारी वीर चालला. दुसऱ्या रविवारी भिंती घातल्या, तर हा खुशाल भिंतीतून आरपार. आई शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, हा काय दसऱ्याच्या मिरवणुकीसारखा थेट बन्नीमंटपला निघाला का? बाबा गेल्यापासून वर्षभर ती धड बोललीच नव्हती. मी एवढी हरखले की भिंत दुरुस्त करायचंच विसरले.

त्यानंतर खेळ तिचाच झाला. उंदीर हवा म्हणाली, दिला. आपल्या घराण्याला शोभेल अशी तलवार हवी म्हणाली, तीही दिली. आमचे कुणी पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यांची तलवार आमच्या कपाटावर असते आणि तिचा आम्हाला फार तोरा. आईची बोटं थरथरतात, कळ उगाच दाबलेली राहते, म्हणून एक रविवार खास तिच्यासाठी खर्चला: कळ धरून ठेवली तरी दोन सेकंदांत एकच डाव पडायचा. कंपायलर, म्हणजे कोड तपासणारा प्रोग्रॅम, ओळीओळीला माझ्या चुका काढायचा, तेव्हा ही त्याचीच बाजू घ्यायची. "सरी, बरोबर सांगतोय तो," म्हणायची.

वीर मेला की संपलं, पुन्हा पहिल्या मजल्यापासून. खेळ साठवून ठेवायची सोय मी पुढच्या रविवारी घालणार होते. नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आई पहिल्यांदाच आठव्या मजल्यावर पोचली. नवव्यावर खेळ जिंकता येतो. लॅपटॉप बंद केला तर सगळं गेलं, आणि तो तर पूजेत हवाच, माझं हत्यार तेच. पूजेत मांडलेल्या हत्यारांना दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नसतो. मी म्हटलं, चार्जर लावून चालू ठेवू. कळ दाबल्याशिवाय आत काळ पुढे सरकतच नाही, राक्षससुद्धा पाय हलवत नाही. तिनं मला हे दोनदा विचारून घेतलं.

आमच्याकडे तलवार बाकीच्या हत्यारांवर आडवी ठेवतात. बाबा ठेवायचे, यंदा मी ठेवली. विळी, आईची कात्री, उघडा लॅपटॉप, वर तलवार. हळदकुंकू झालं, आरती झाली, आणि आईनं पडद्याकडे बोट दाखवलं. तलवार जराशी सरकून मुठीखाली एक कळ दाबली गेली होती, जागच्या जागी थांबायची. वीर नुसता थांबत होता आणि राक्षस येऊन त्याला हाणत होता. ताकद एकवीस. अठरा. पंधरा.

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पूजेच्या बाबतीत आई कुणाचं ऐकत नाही. नऊ. सहा.

तिनं दोन्ही हातांनी तलवार उचलली.

"गेल्या वर्षी दवाखान्यात नुसती बघत बसले," ती म्हणाली. "तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिनं बाबांच्या फोटोकडे बघून माफी मागितली, तलवार लॅपटॉपशेजारी ठेवली, तिला पुन्हा कुंकू लावलं आणि प्रसाद अजून का वाटला नाही म्हणून मला झापलं.

दसऱ्याला सकाळी आंघोळ उरकून ती खेळायला बसली. ताकद तीन. तिसऱ्याच पावलाला एका फालतू उंदरानं वीराला मारलं. मी तिच्याकडे बघत राहिले. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"स्वल्प सरक," म्हणाली. "नवा सुरू करते."