माईंच्या नावाचा कोळी

त्या आठवड्यात माईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या नावाचा कोळी निघणार होता! जाळंबिळं काही नाही, नेम धरून उडी मारणाऱ्या जातीतला. शिवणयंत्रामागे पेल्याखाली तो माईंनीच पकडला होता. सून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली ती हसतच. "माई, अशी मादी आजवर कुणी नोंदवलेली नाही. नाव तुमचं ठेवते."

दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत माईंनी गावभर केलं. का करू नये? दारावर आप्पांचं नाव, घड्याळाच्या दुकानावर आप्पांचं नाव. त्याच दुकानात पट्टे बसवता बसवता माईंची उभी हयात गेली, पण फोनवर लोक विचारायचे, "आप्पांच्या मिसेस का?" आणि कहर म्हणजे कोळ्यांतही आप्पाच पुढे! तांबड्या डोक्याच्या, पांढऱ्या मिशांच्या एका ऐटबाज नराला सुनेने पूर्वीच त्यांचं नाव दिलं होतं. आप्पा जाईपर्यंत ते मिरवत होते.

"माझी मातकट आहे," माई म्हणायच्या, "पण माझी आहे."

सुनेचा लेख सोमवारी जायचा होता. खिडकीत माईंच्या मादीची डबी होती. शेजारी परवा बाथरूमच्या भिंतीवर मिळालेला आप्पांच्या जातीचा नर. हे कोळी पलीकडच्या डबीतलंही बघतात आणि उगाच चवताळतात, म्हणून मध्ये पुठ्ठा. रविवारी माई फडकं घेऊन निघाल्या. पुठ्ठा धुळकट दिसला. काढला.

"अगं धाव! आप्पांना झटका आला!"

सून धावली. नर पुढचे पाय आभाळाला लावून डावीकडून उजवीकडे सरकत होता, थरथरत होता, पुन्हा डावीकडे. सुनेने कपाळाला हात लावला. "झटका नाही माई, मादीला रिझवायला नाचतोय तो!" मग दोघांना एका डबीत सोडलं. परक्या नराचा मादीने फडशा पाडला असता. हिने त्याला खुशाल जवळ येऊ दिलं.

"माई, ही दोघं एकाच जातीची. दिसायला इतकी वेगळी की मी एका घराची दोन घरं करून बसले होते."

"आणि माझं नाव?"

"एका जातीला नाव एकच. आधी दिलेलं."

माईंना रडूच फुटलं. "म्हणजे इथेही मी आप्पांची मिसेस!" मग डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "पुठ्ठा परत लावला तर गं?"

सुनेने पुठ्ठा उचलून माईंच्या हातात दिला. "मी तोंड उघडलं नाही, तर कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

माईंनी भिंग डोळ्याला लावलं. नर पुन्हा मिशा फुलवून नाचत होता. मादी ढिम्म बसून बघत होती. माईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले. सुनेला वाटलं, पुन्हा रडतायत. पण माई खदखदून हसत होत्या.

"आख्खा जन्म मी ह्यांच्या तालावर नाचले. आता कुठे ह्यांची पाळी आलीय, आणि मी पुठ्ठा लावू? पाठव, खरं तेच पाठव!"

सोमवारी दूधवाल्याने दारातूनच विचारलं, "काय माई, निघाला का तुमच्या नावाचा कोळी?"

"नाही," माई म्हणाल्या. "पण आप्पा नाचतायत. आत या, दाखवते."