माझ्या वाटच्या सुया

लग्नाला वर्ष होऊन गेलं नि मला लघवीला आग व्हायला लागली. मुकुटबनच्या आमच्या घरात याला एकच नाव होतं, उन्हाळी. सासूबाई धने भिजवून पाणी पाजायच्या आणि बजावायच्या, "उन्हात हिंडू नको." दिवस पौषाचे, अंगावर गोधडी, ऊन कुठलं बोडक्याचं! मला काहीच कळेना. ओटीपोट दुखायचं, कपड्याला डाग पडायचे, आणि कूस अजून रिकामीच होती. तिचीच मला खरी धास्ती. शेजारच्या घरी याच कारणाने दुसरी बायको आलेली मी पाहिली होती.

नवरा कापसाने भरलेली बैलबंडी घेऊन सरकी काढायच्या जिनावर जायचा, कित्येक दिवस तिकडेच राहायचा. बाईचं दुखणं डॉक्टरला नवऱ्यानेच सांगायचं, ही आमच्याकडची रीत. तोच यवतमाळला जाऊन औषध घेऊन आला, आणि गावात सुया टोचणाऱ्या एका गृहस्थाकडे स्वतःच रोज जाऊ लागला. माझी आग तशीच.

"अवो, अन् मायं औषध?"

"घेतलं न."

"कोनं?"

"मीच. डॉक्टर म्हने, दोघायलेही सुया पाह्यजे. आता तुले काय परक्या मानसापुढं कमरेत सुई घ्याले नेऊ? तुयाही मीच घेतल्या."

हसू की रडू समजेना. पूजेत पाणी तो सोडायचा, मी नुसता त्याच्या हाताला हात लावायची, नि पुण्य दोघांना मिळायचं. औषधाचंही तसंच असेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं. आणि मी तरी काय शहाणी! दोघांना सुया कशाला, हे मला विचारायचंच सुचलं नाही.

त्यालाही आग व्हायची, हे त्याने माझ्यापासून लपवलं होतं; थोड्या दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा घाबरून त्याने मला बाई डॉक्टरकडे नेलं. बाईंनी तपासून सरळ सांगितलं, "हा परमा, बाहेरच्या बाईकडून येणारा रोग. त्याच्याकडून तुला झाला, तुझ्याकडून परत त्याला. दोघांनी एकाच वेळी सुया घ्या, आणि बरं होईपर्यंत वेगळे निजा."

"मूल होईल न?"

"उशीर केलात. सांगता येत नाही."

आग गेली. मूल झालं नाही. ती कोण होती, हे विचारायला मी कितीदा तोंड उघडलं नि मिटलं. राग अनावर यायचा, आणि मध्येच तो माझ्या सुया स्वतःच्या अंगात टोचून घेताना डोळ्यांपुढे यायचा. मग राग कुठे ठेवावा तेच कळायचं नाही.

पुढे सासूबाईंनी दुसरी मुलगी पाहायचं काढलं. मी चुलीशी बसून ऐकत होते. तो आईला म्हणाला, "तिच्यात खोट नाही. रोग मीच आनला घरात."

सासूबाई उठून आत गेल्या. दुसरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी त्याला जेवायला वाढलं, पण माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.