डावीकडचा स्पीकर

आमच्या ह्यांना दोन वेडं होती आणि दोन्ही गाडीतच होती. एक पुसण्याचं, दुसरं गाण्याचं. पुसण्यासाठी डिकीत फडक्यांचं वेगळं संस्थानच होतं. निळं काचेला, पिवळं बॉडीला, करडं डॅशबोर्डला. एसीच्या जाळीतली धूळ काढायला एक मऊ ब्रश. एकदा आमच्या कामवाल्या मावशींनी पिवळ्या फडक्यानं ओटा पुसला, तर हे दोन दिवस तुटक बोलत होते. मावशींशी नाही, माझ्याशी. या माणसानं घरातला एक पंखा कधी पुसला नाही, हे मी वारज्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना आवर्जून सांगत असे.

गाण्याच्या वेडापायी हे हडपसरच्या एका दुकानात खेपा घालायचे. कंपनीचे स्पीकर काढून दुसरे बसवले, दारांच्या आत डांबरासारखे काळे तक्ते चिकटवून घेतले, सीटखाली ॲम्प्लिफायर आला. गाडीचं दार पूर्वी पत्र्यासारखं वाजायचं, ते फ्रीजच्या दारासारखं गपकन लागायला लागलं. तेवढ्यानं भागलं नाही. सुटीच्या दिवशी हे पार्किंगमध्ये गाडीत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा लावून काहीतरी जुळवत राहायचे. बसायचे डावीकडच्या सीटवर. मला वाटायचं, स्टिअरिंग मध्ये येत असेल. वॉचमन मला विचारायचा, साहेबांची गाडी बंद पडलीय का. मी म्हणायची, गाडी चालू आहे, साहेबच बंद आहेत.

माझं माहेर हडपसरचं, त्यामुळे रविवारी आईकडे जाणं ठरलेलं. मला गाडी चालवता येते, पण ह्यांनी कधी स्टिअरिंग सोडलं नाही. मी डावीकडे. वारज्यातून बाहेर पडलो की एका जुन्या भावगीताची सुरुवात व्हायची, आणि मग ह्यांचा प्रश्न. "बाई कुठं उभी आहे?"

बाई म्हणजे गाणारी बाई. ह्यांचं म्हणणं असं, की आवाज नीट जुळला तर डोळे मिटल्यावर गाणारी समोर उभी आहे असं वाटलं पाहिजे. आणि वाटायचं खरंच. पुढच्या काचेपाशी, अगदी मधोमध, हात लांब केला तर पदर लागेल इतकी जवळ. पण असं सरळ कबूल करेन तर मी पुण्याची कसली? सिग्नलला उभी आहे, घ्यायचं का तिला, असं काहीतरी मी म्हणायची. हे हसायचे. मग मी डोळे मिटायची, ती बरेचदा माहेर येईपर्यंत उघडायची नाही.

गेल्या वर्षी हे गेले. सकाळी गाडी पुसून वर आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात चहाच केला नाही.

गाडी कव्हरखाली पडून राहिली. दीर म्हणाले, वहिनी, विकून टाका, उभ्या गाडीची माती होते. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला गाडीत बसून ते गाणं ऐकायचं होतं. घरात मोबाईलवर ऐकून पाहिलं. गाणं तेच होतं, पण बाई मोबाईलमध्ये होती.

शेवटी नवी बॅटरी टाकून घेतली. स्टिअरिंगपुढे बसले आणि गाणं लावलं. बाई समोर नव्हती. माझ्या उजव्या कोपराशी, दाराला चिकटून कुठंतरी गात होती. डावीकडून जवळजवळ काहीच येत नव्हतं. आवाज वाढवला, सोसायटीला दोन चकरा मारल्या. तेच. डावीकडचा स्पीकर गेला, म्हणजे नेमकी माझी बाजू गेली. एवढंसुद्धा माझ्यासाठी राहू नये, याचा मला इतका संताप आला की पार्किंगमध्येच रडले. मग ठरवलं, दुकानात दाखवायचं. दुरुस्त झाला तर झाला, नाहीतर दिरांना फोन करून सांगायचं, गाडी न्या.

दुकानदार पस्तिशीचा, हडपसरचाच. ह्यांचं त्याला कळलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग गाडीत शिरून त्यानं एकेक स्पीकर वेगवेगळा वाजवून पाहिला.

"वहिनी, सगळे ठणठणीत हायेत," तो उतरून म्हणाला. "तुम्ही जरा डावीकडं बसा."

मी बसले. त्यानं गाणं लावलं. बाई समोर उभी होती. काचेपाशी, मधोमध.

मी म्हटलं, मगाशी वायर सैल झाली असेल. तो नाही म्हणाला. मग त्यानं समजावलं. गाडीत आवाज एकाच सीटसाठी जुळवता येतो. जवळचा स्पीकर किंचित उशिरा वाजवायचा, म्हणजे सगळे आवाज कानावर एकदम पडतात. पण एका सीटचं जुळलं की शेजारच्या सीटचं बिघडतंच. येणारा प्रत्येक जण चालवणाऱ्याच्या सीटसाठी करून घेतो.

"मी साहेबांना बोललो होतो, चालवणाऱ्याच्या बाजूला करू म्हणून. तर म्हणले, मला ट्रॅफिक बघायचाय. तिला ऐकू दे."

म्हणून हे विचारायचे, बाई कुठं उभी आहे. मला वाटायचं, माझ्या तोंडून कौतुक हवंय. त्यांना खरंच माहीत नसायचं. मी त्या दुकानात, अनोळखी माणसांदेखत, तोंडाला पदर लावून रडले.

दुकानदारानं पाणी आणून दिलं. म्हणाला, आता तुम्हीच चालवणार, तर लगेच उजवीकडं जुळवून देतो. मी राहू दे म्हटलं.

गाडी मी विकली नाही. रविवारी आईकडे जाते, वारज्यातून बाहेर पडलं की गाणं लावते. बाई माझ्या कोपराशी दाराला चिकटून गाते, आणि डावीकडची बाजू रिकामी राहते. इतकी वर्षं हे असंच ऐकत गाडी चालवत होते, आणि मी शेजारी झोपलेली असायची.