टबाला स्टेथोस्कोप

गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी एका एजंटाकडून मशीन घेतलं. टबात मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, मशीन लावलं की पाणी तपकिरी होतं. ती अंगातली साखर, असं एजंटाने सांगितलं आणि डॉक्टरांनी मानलं. तिथे पाय ठेवून आल्यावर सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्याच बंद केल्या. कपाटाच्या दारावर मी औषधांचा तक्ता लावते, त्यातले नऊ दिवस कोरे गेले.

"घाण डोळ्याला दिसून राहिली, मंग गोळ्या काहून खाऊ?" त्या म्हणायच्या.

दहाव्या दिवशी दवाखान्यात मी टबात कुणाचेच पाय नसताना मशीन लावायला सांगितलं. पाणी तसंच तपकिरी झालं. डॉक्टर म्हणाले, "नळाचं पाणी खराब असेल."

मी शिकवते त्या शाळेत हे आमच्या चित्रकलेच्या सरांना सांगितलं. त्यांनी व्यंगचित्र काढलं: डॉक्टर टबाला स्टेथोस्कोप लावून म्हणताहेत, जीभ दाखवा. दुसऱ्या दिवशी त्याच्या झेरॉक्स जीपथांब्यावर लागल्या. मग मात्र मला धास्ती वाटली. डॉक्टर रागावले तर सासूबाईंच्या गोळ्या बंद त्या बंदच राहणार.

संध्याकाळी डॉक्टर चित्र हातात घेऊनच घरी आले.

"मावशी, मी बाटलीतलं पाणी घालून, कुणाचे पाय नसताना मशीन चालवून पाहिलं, तरी पाणी तपकिरीच झालं. मी फसलो. आजपासून गोळ्या चालू करा, सकाळी साखर तपासू."

सासूबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "नाक मात्र बराबर काढलंय तुमचं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

त्यांनी गोळी गिळल्यावरच मी तक्त्यावर खूण केली.