उवेच्या पोटातला ठिपका

औंधला संस्थान होतं तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते. कुणाच्या डोक्यात ऊ सापडली की ती आधी भिंगाखाली धरायचे, मगच नखावर चिरडायचे. मलाही तिच्या पोटातला पिवळा ठिपका दाखवायचे.

"निस्त्या रगतावर हिचं भागत न्हाई, गड्या. हितं बारकं जंतू ऱ्हात्यात, तेच हिला जगवत्यात. लीख घालताना आईच त्यातलं थोडं भरून देती. पिढ्यान्‌पिढ्या."

मला किळस यायची.

त्यांची लेक कडेगावला सासरी निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या मांडीवर फडकं बांधलेलं गाडगं ठेवलं.

"काय हो त्यात?" मी विचारलं.

"विरजण. हिच्या आयनं लावलेलं."

वहिनींना, म्हणजे तिच्या आईला, जाऊन चार वर्षं झाली होती. रोज चमचाभर मागं ठेवून कंपाउंडरांनी ते मरू दिलं नव्हतं.